टाकीवरचा गुरू

मी ज्या व्यक्तीचा सगळ्यांत जास्त ऋणी आहे तिचं नाव शमीम. सावली गावच्या मजीद बिछायतवाल्याची मुलगी, दहावीत माझ्याच वर्गात होती. आईबापाचे आणि गेडाम सरांचे उपकार मोठेच आहेत. पण त्यांनी मला जे दिलं ते त्यांच्याजवळचं होतं. शमीमनं मला जे दिलं ते आधी तिच्या हातून काढून घेतलेलं होतं. असं देणं वेगळं असतं. इतकी वर्षं नोकरी केली, पोरांना पदार्थविज्ञान शिकवलं, सत्काराच्या शाली अंगावर घेतल्या, पण प्रत्येक वेळी कोणी "स्वतःच्या हिमतीवर वर आलेले" असं माझ्याबद्दल माइकवरून म्हणालं की मला पाण्याच्या टाकीवरचा तो बल्ब आठवतो.

आमचं गाव वैनगंगेच्या काठाला, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेलं. तिथली शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर सावलीला राहायला हवं होतं, आणि बाबांनी मला मजीदचाचांच्या घराच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं. गावात कुरकुर झाली. बाबा एवढंच म्हणाले, "माह्या लग्नाचा मांडव मजीदच्या बापानं टाकला. ज्याच्या मांडवात माह्यं लगन लागलं, तो मले परका काऊन?" आईनं मात्र निघताना स्टोव्ह, भाताचा गंज आणि तांदळाचं पोतं सोबत दिलं आणि माझा भात मीच रांधायचा असं बजावलं. भात मी रांधत होतो. लाखोळीची डाळ मात्र पलीकडून यायची. खातूनचाची, म्हणजे शमीमची आई, वाटी माझ्या उंबऱ्यावर ठेवून परत जायची. बाजाराच्या दिवशी वांग्यात घातलेले सुके झिंगे यायचे. त्या वासानं मी पुस्तक मिटून ठेवत असे. आईला मी हे कधी सांगितलं नाही, आणि पोरगा डाळीवाचून कसा जगतो असं आईनंही कधी विचारलं नाही.

आमच्या भागात मांडव, सतरंज्या, खुर्च्या, दिवे भाड्यानं देणाऱ्या दुकानाला बिछायत केंद्र म्हणतात. चाचांचं घर म्हणजेच ते केंद्र. अंगणात लोखंडी पाइपांचा ढीग, ओसरीवर गुंडाळलेल्या सतरंज्या, कोपऱ्यात हॅलोजनचे दिवे आणि फाटक्या चादरीखाली जनरेटर. लग्नसराईत सकाळी पाइपांच्या खणखणाटानं जाग यायची. त्यामागून शेजारच्या राइस मिलचा दणका सुरू व्हायचा, आणि दोन्हींच्या मध्ये चाचांचा आवाज, "अरे, तो बल्ब होल्डरले घट्ट बसव, नाईतर नवरदेवाच्या डोक्शावर पडन." गावातला कुठलाही उजेड चाचांचाच. लग्नाचा, गणपतीचा, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा. ग्रामपंचायतीनं पाण्याची नवी टाकी बांधली तेव्हा तिच्या माथ्यावरचा मोठा बल्बही चाचांनीच वर चढून लावला होता. खाली शमीम तोंड वर करून उभी होती आणि आम्ही दोघं मिळून त्यांना "डावीकडे, डावीकडे" सांगत होतो.

महिना संपत आला की त्या घरातली सगळी माणसं माडीवर चढून पश्चिमेकडे बघत बसत. चांद दिसला की महिना लागला. चाचांची नजर अधू, चाचीला चष्मा, त्यामुळे सगळी भिस्त शमीमवर. चिंचेच्या शेंड्यावर, नखाच्या कातरणीएवढी कोर ती सगळ्यांच्या आधी शोधायची. मी तिला आमच्या गावचं आकाश सांगितलं. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची खाट, मागचे तीन तारे ती पळवून नेणारे चोर. ती म्हणाली, "चोर हाये त म्हातारी ओरडत काऊन नाई?" मी म्हणालो, "झोपली असन." ती म्हणाली, "एवढ्या वर्षापासून? झोपेचं सोंग घेऊन राह्यली असन." आता वाटतं, तेव्हापासूनच तिला दिसेल ते बोलून टाकायची सवय होती. वाईट सवय.

गेडाम सर एटापल्लीकडचे. त्यांच्या गावातले पहिले पदवीधर. ते आम्हाला विज्ञान शिकवत. एक दिवस त्यांनी वर्गात वर्तमानपत्राचं कात्रण आणलं. अमेरिकेनं हवेच्याही वर एक भलीमोठी दुर्बीण नेऊन सोडली होती. सर म्हणाले, "आपण नदीच्या तळाशी बसून वर पाहणाऱ्या माशासारखे आहोत. पाणी हललं की सगळं हलतं. आता माणसानं आपला डोळा पाण्याबाहेर काढला आहे." पुढं नागपूरच्या एका विज्ञान मंडळाचं पत्र आलं. या नव्या दुर्बिणीच्या निमित्तानं तालुक्यातालुक्यात आकाशदर्शनाचे कार्यक्रम करा, कार्यक्रमात दुर्बीण समजावून सांगणारा एक विद्यार्थी निवडा, त्याला मे महिन्यात नागपूरच्या शिबिराला पाठवा. शिबिराला आलेल्या मुलामुलींची अकरावी-बारावीची सोय मंडळ आपल्या वसतिगृहांत फुकट करणार होतं.

सरांनी नागपूरहून भिंग आणलं आणि आम्ही प्लास्टिकच्या पाइपाची दुर्बीण बनवली. कोण समजावून सांगणार याचा प्रश्नच नव्हता. शमीमचं नाव पहिलं गेलं, माझं राखीव म्हणून दुसरं. त्या दिवशी चाचा जेवताना म्हणाले, "मॅट्रिकच्या समोर शिकवाची माही ताकद नाई, बेटा. पण होस्टेल भेटलं त जाय. कोणी काई म्हणो." चाचीनं मला त्या दिवशी डाळीसोबत शेवया दिल्या.

धानाची मळणी उरकल्यावर कार्यक्रम ठरला. सरांनी दिवस फार विचार करून काढला होता. अमावस्या नुकती होऊन गेलेली, संध्याकाळी पश्चिमेला कोर आणि तिच्या जवळच शनी. दिवस मावळला की लोकांनी यावं, कोर पाहावी, कडीवाला शनी पाहावा आणि जेवणाआधी घरी जावं. त्यासाठी शाळेच्या मैदानावर फक्त अंधार हवा होता. चाचा हसून म्हणाले, "सर, जिंदगीभर उजेड भाड्यानं देल्ला. अंधार मांगणारे तुमीच पह्यले."

पण शाळा संस्थेची होती, संस्थेला अध्यक्ष होते, आणि अध्यक्षांना त्या वर्षी निवडणुकीचं तिकीट हवं होतं. हेडमास्तर म्हणाले, "साहेब दवात बसतील का? छत पाहिजे." सरांनी सांगून पाहिलं की दुर्बिणीच्या डोक्यावर छत असेल तर आकाश दिसणार नाही. त्यावर दोन दिवस चर्चा झाली आणि तोडगा निघाला. मांडव घालायचा, पाहुण्यांच्या खुर्च्यांशेजारी मांडवातच दुर्बीण ठेवायची आणि पश्चिमेची बाजू मोकळी सोडायची. मग अध्यक्षांचे उजवे हात बंडूभाऊ आले. शनीचं नाव ऐकून ते उभेच राहिले.

"साहेबाले तिकीट भेटाचं हाय अन् तुमी त्याले शनी दाखवून राह्यले? डोकं ठिकाण्यावर हाय का, मास्तर?"

"भाऊ, तो एक ग्रह आहे," सर म्हणाले.

"तेच म्हणतो मी. गिरोच लागते नं त्याच्यानं! गुरू दाखवा. गुरू चांगला."

"गुरू सध्या उशिरा उगवतो. आणि तोही पूर्वेला. तिकडे तुमचा मांडव आहे."

"मंग पश्चिमेले दाखवा!" बंडूभाऊ म्हणाले आणि स्कूटरला लाथ मारून निघून गेले. फलकावर गुरूदर्शन असं लिहिलं गेलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी माणसं बैलगाड्यांनी आली. धानाच्या तुसानं अंग खाजवत आलेली माणसं, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, खांद्यावरची पोरं. सूर्य बुडाला आणि चिंचेच्या वर कोर दिसली. तिच्या डाव्या अंगाला पिवळसर शनी होता. मी इतकी स्वच्छ संध्याकाळ नंतर फारशी पाहिली नाही. शमीम दुर्बिणीजवळ उभी होती. निळी ओढणी, दोन वेण्या, ओठांतल्या ओठांत पाठ केलेलं म्हणत होती. पण दुर्बिणीच्या तोंडाला लाल फीत बांधलेली होती. उद्घाटन व्हायचं होतं. साहेब फीत कापणार, नारळ फोडणार आणि मग पहिल्यांदा पाहणार. तोवर कोणी डोळा लावायचा नाही.

सर हेडमास्तरांकडे गेले. "तोवर लोकांना पाहू द्या. कोर थांबत नाही."

"आणि साहेब आले म्हणजे? उष्ट्या दुर्बिणीचं उद्घाटन करायचं का?"

आम्ही बसलो. साहेब आले नाहीत. कोर चिंचेच्या फांद्यांत उतरली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "चांद चालला न बापा. साहेब कवा येते?" लोक हसले. शमीमनं एकदा फितीकडे पाहिलं, एकदा कोरीकडे. मग कोर गेली. तिच्यामागून शनी गेला. चिंच काळी झाली आणि त्याच वेळी जीपचे दिवे आले. बंडूभाऊ ओरडले, "मजीद, लाइट!" चाचांनी नाइलाजानं हॅलोजन लावले. स्वागतगीत झालं, हार झाले, शाल-श्रीफळ झालं. साहेबांनी विज्ञानावर भाषण केलं. आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, असं त्यात होतं, आणि गोसेखुर्द धरणाचं पाणीही होतं. अवकाशातल्या दुर्बिणीचा उल्लेख राहून गेला.

मग फीत कापली. फोटोग्राफर वाकला. साहेबांनी डोळा लावला आणि लावूनच ठेवला. "काही दिसत नाही," ते हळू म्हणाले. सर पुढं सरकले, पण हेडमास्तर त्यांच्याही आधी पोचले होते. वर छत, मागं पडदे, समोर रिकामं पश्चिमेचं आकाश. त्या आकाशात एकच उजेड होता. हेडमास्तरांनी पाइप तिकडे वळवला.

"हा पाहा, साहेब. गुरू."

"वा!" साहेब म्हणाले. फ्लॅश उडाला. "वा! काय तेज आहे! मंडळी, गुरूचं तेज असंच असतं." टाळ्या झाल्या. साहेब प्रसन्न झाले होते. त्यांनी माइक शमीमच्या तोंडासमोर धरला. "सांग बेटा, हा गुरू आपल्यापासून किती दूर आहे?"

मी तिच्यामागं दुर्बिणीचं तिकाटणं धरून उभा होतो. तिनं वाकून दुर्बिणीतून पाहिलं. तिला खरंच ठाऊक नव्हतं की आपण काय पाहणार आहोत. मग ती सरळ झाली आणि शाळेत उत्तर द्यावं तशी, शुद्ध मराठीत म्हणाली, "साहेब, हा गुरू नाही. हा पाण्याच्या टाकीवरचा बल्ब आहे. माझ्या अब्बांनी लावला आहे."

आधी ती म्हातारी हसली आणि तिच्यामागं सगळं मैदान हसलं. साहेबसुद्धा हसले. मला त्यांचं हसणं नीट आठवतं, कारण ते त्यांच्या डोळ्यांपर्यंत गेलं नव्हतं. "हुशार आहे पोरगी," ते म्हणाले. "कोणाची?"

"मजीद बिछायतवाल्याची," बंडूभाऊ म्हणाले.

"अस्सं," साहेब म्हणाले.

त्या एका शब्दानंतर जे झालं त्यात आरडाओरडा काहीच नव्हता. कोणी शमीमला एक शब्द रागावलं नाही. दोन दिवसांनी हेडमास्तरांनी चाचांना बोलावून घेतलं आणि चहा पाजला. मुलगी वयात आलेली, नागपूरसारखं शहर, तुमच्या समाजात उद्या बोभाटा होईल, आम्हालाही जबाबदारी आहे, असं ते म्हणाले. ज्या माणसानं तीन वर्षांत तिचं नाव नीट उच्चारलं नव्हतं, त्याला एकाएकी तिच्या अब्रूची काळजी लागली होती. तिच्या जागी साहेबांच्या भाच्याचं नाव घालायचा विचार होता. गेडाम सर अडून बसले की राखीव नाव आधीच गेलेलं आहे, ते डावलता येणार नाही. एवढंच त्यांच्या हातात होतं आणि तेवढं त्यांनी केलं. पुढं शाळेत त्यांना फार सोसावं लागलं.

चाचा घरी येऊन सतरंज्यांच्या ढिगावर बसले. चाची म्हणाली, "चुप बैठती तो क्या बिगड़ता था?" चाचांनी मान हलवली. "बल्ब मीच लावला. पोरगी झूट काऊन बोलन?" त्या वर्षानंतर शाळेचा आणि साहेबांच्या माणसांचा एकही मांडव चाचांकडे आला नाही. आमच्या गावाकडे कोणाचं लग्न कोणाच्या मांडवात लागतं यावर बरंच काही ठरतं. मांडव गेला की माणूसही गेलाच.

मी शमीमला गाठलं तेव्हा ती अंगणात लग्नाघरून आलेले स्टीलचे गिलास राखेनं घासत होती. मी म्हणालो, "मी नाई जात. मी सांगून येतो हेडमास्तरले."

"सांगून का होईन?"

"तुह्या जागेवर मी काऊन जाऊ?"

"माही जागा राह्यलीच कुठी? तू नाई गेला त मी जाणार हाय का?" तिनं गिलास पाण्यात बुचकळला. "तो भाचा जाईन. त्याले बल्ब अन् गुरू दोनी सारखेच. जाय चुपचाप. अन् एक काम करजो. खरा गुरू कसा दिसते ते पाहून मले कळवजो. मी सगळ्याईसमोर म्हटलं का हा नोहे. मंग तो कसा असते, हे त मले मालूम पाह्यजे."

तिचे डोळे कोरडे होते. राग तिला आला असेल, पण माझ्यावर तिनं तो काढला नाही. मी गेलो. शिबिरातून वसतिगृहात, तिथून कॉलेजात. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. मॅट्रिकला शमीमचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. दिवाळीला मी सावलीला आलो तेव्हा ती वडशाला सासरी गेली होती. नवऱ्याचं सायकलचं दुकान. पुढं एकदा वडशाच्या स्टँडवर भेटली. कडेवर मूल होतं. "पाह्यला नं गुरू? बस झालं मंग," असं म्हणाली आणि तिची गाडी लागली.

साहेबांना तिकीट मिळालं. निवडूनही आले. त्यांचा दुर्बिणीला डोळा लावलेला फोटो चौकटीत घालून शाळेच्या व्हरांड्यात लावला गेला, खाली ‘गुरूदर्शन’. अलीकडे आणखी एक नवी, त्याहून मोठी दुर्बीण अवकाशात गेली, तेव्हा शाळेनं मला माजी विद्यार्थी म्हणून बोलावलं. मोकळ्या मैदानात, डोक्यावर काही नाही, सगळं नीट. मी भाषणात ती हकिकत सांगितली. पोरं खूप हसली. मी विनोद करतो आहे असं त्यांना वाटलं. निघताना मी नव्या हेडमास्तरांना म्हणालो, तो फोटो आता उतरवा. ते म्हणाले, "राहू द्या, सर. फ्रेम सागवानी आहे." अजून तो तिथंच आहे.

शिबिरातून मी शमीमला पत्र पाठवलं होतं. मुलीच्या नावानं पत्र पाठवण्याची सोय नव्हती, म्हणून चाचांच्या नावानं. आधी कच्चं लिहावं, मग पक्कं करावं, ही गेडाम सरांची शिकवण, त्यामुळे कच्चा कागद माझ्याजवळ राहिला. चाचांनी ते तिला वाचून दाखवलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

"ती. मजीदचाचांना सा. न.

मी इथे खुशाल आहे. चाचीला सांगा, इथली डाळ पातळ असते. खालचा मजकूर शमीमला वाचून दाखवावा.

शमीम, काल इथल्या सरांनी आम्हाला गच्चीवर नेऊन गुरू दाखवला. गच्चीवर छत नाही. गुरू टाकीच्या बल्बासारखा मुळीच दिसत नाही. तो लहान, गोल आणि थोडा चपटा आहे, त्यावर दोन फिकट पट्टे आहेत. बाजूला एका ओळीत तीन बारीक ठिपके होते. ते त्याचे चंद्र आहेत. चौथा त्याच्या मागे गेला होता. बल्बाच्या बाजूला असं काही नसतं. तू बरोबर होतीस.

दुसरं म्हणजे, ज्या दुर्बिणीसाठी आपण कार्यक्रम केला, तिचा आरसा चुकीचा घासला गेला आहे. केसापेक्षाही बारीक चूक आहे, पण तिला तारे अंधुक दिसतात. आपला कार्यक्रम झाला तेव्हा जगाला हे ठाऊक होतं, फक्त आपल्याला नव्हतं. ज्यांनी ती वर सोडली त्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलं की आमची चूक झाली. आता माणसं वर जाऊन ती दुरुस्त करणार आहेत. मी सरांना विचारलं, चूक आहे असं पहिल्यांदा ज्यानं म्हटलं त्याचं पुढं काय झालं? सरांना माझा प्रश्न समजला नाही.

चाचा, मुलींच्या वसतिगृहात अजून जागा आहे. मी चौकशी केली. तुम्ही एकदा इथे येऊन मोठ्या सरांना भेटावं. निकाल लागण्याच्या आधी आलात तर बरं.

शमीम, प्रत्येकाला गुरू एकदाच पाहायचा होता. मी पुन्हा रांगेत उभा राहिलो. वहीवाल्या मुलानं नाव विचारलं. मी तुझं सांगितलं. तो म्हणाला, हे तर मुलीचं नाव आहे. मी म्हणालो, हो, तिचाच नंबर आहे.

आपला,
तुळशीराम"